कोर्ट म्हणालं नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात, ती मेडिकलला गेली : डॉ. रखमाबाईंनी हा रस्ता आखला कसा?

नीटचा निकाल लागला की घराघरात तीच चर्चा सुरू होते. कटऑफ किती, सरकारी कॉलेज मिळेल का, की एक वर्ष ड्रॉप घ्यायचा? अमेरिकेतल्या मुलांचं गणित वेगळं. तिथे आधी चार वर्षांची पदवी, त्यातच केमिस्ट्री-बायोलॉजीचे ठरावीक विषय, मग एमकॅट आणि त्यानंतर मेडिकल स्कूल. या तयारीला तिथे प्री-मेड म्हणतात.

पण समजा यातलं काहीच हाताशी नाही. शाळा अर्धवट सुटलेली, लग्न अकराव्या वर्षी झालेलं आणि वर कोर्टात केस. तरीही डॉक्टर व्हायचंय. मुंबईच्या एका मुलीने हे १३० वर्षांपूर्वी करून दाखवलं. तिचं नाव रखमाबाई.

घरात डॉक्टर होता, पण शाळा नव्हती

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४चा, मुंबईतला. त्या लहान असतानाच वडील जनार्दन पांडुरंग वारले. पुढे आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन राऊत यांच्याशी पुनर्विवाह केला. हे सावत्र वडील म्हणजे मुंबईतलं मोठं नाव. ते ग्रँट मेडिकल कॉलेजशी जोडलेले होते, वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक होते आणि १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन करणाऱ्यांपैकी एक होते.

तरीही त्या काळच्या रीतीप्रमाणे अकराव्या वर्षी रखमाबाईंचं लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लागलं. त्या सासरी मात्र गेल्या नाहीत, माहेरीच राहिल्या. मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तकं आणून घरीच वाचायच्या. इंग्रजी त्यांनी असंच पक्कं केलं. त्यांच्या प्री-मेडची सुरुवात इथली म्हणायला हरकत नाही.

मग आली केस

१८८४ मध्ये दादाजी कोर्टात गेले. बायकोने नांदायला यावं, ही मागणी. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. त्याच वर्षी सखाराम अर्जुन वारले आणि त्यांचा मोठा आधार गेला.

दादाजींनी अपील केलं. केस परत उभी राहिली. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी आदेश दिला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. लोकमान्य टिळकांसह अनेकांनी त्यांच्यावर कडाडून टीका केली. दुसरीकडे त्यांनी टाइम्स ऑफ इंडियात 'अ हिंदू लेडी' या नावाने लिहिलेल्या पत्रांमुळे बालविवाहाचा विषय इंग्लंडपर्यंत गेला होता.

शेवटी जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन हक्क सोडला. रखमाबाई तेव्हा २३ वर्षांच्या होत्या.

पुढचा प्लॅन काय?

इथे भेटल्या डॉ. एडिथ पीची. कामा हॉस्पिटलच्या डॉक्टर. १८६९ मध्ये एडिंबरा विद्यापीठात मेडिकल शिकायला गेलेल्या पहिल्या सात मुलींपैकी त्या एक. स्वतः विरोध झेललेला असल्यामुळे कुठलं दार बंद आहे आणि कुठलं उघडतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी रखमाबाईंना प्रोत्साहन दिलं, पैसे उभे करायला मदत केली. इंग्लंडमध्ये मॅकलारेन दांपत्याने आधार दिला.

१८८९ मध्ये रखमाबाई निघाल्या. ठिकाण ठरलं लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन. १८७४ मध्ये खास स्त्रियांसाठी सुरू झालेलं कॉलेज.

पण नुसती ॲडमिशन पुरत नव्हती. त्या काळी ब्रिटनमध्ये मेडिकलचा विद्यार्थी म्हणून नोंद व्हायची तर आधी सामान्य शिक्षणाची परीक्षा पास करावी लागे. त्यात इंग्रजी, गणित आणि चक्क लॅटिनही असे. घरी बसून शिकलेल्या मुलीसाठी हा केवढा डोंगर असेल, बघा.

दुसरी अडचण डिग्रीची. लंडनच्या फिजिशियन आणि सर्जन कॉलेजांच्या परीक्षा स्त्रियांना विसाव्या शतकापर्यंत बंद होत्या. स्कॉटलंडच्या रॉयल कॉलेजांनी मात्र १८८६ मध्ये दार उघडलं होतं. म्हणून वर्ग लंडनला, वॉर्डातलं शिक्षण रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये आणि परीक्षा स्कॉटलंडला, असा रस्ता निघाला. १८९४ मध्ये रखमाबाई डॉक्टर झाल्या. ब्रुसेल्सची एमडीही त्यांनी मिळवली.

परत आल्यावर सुरतच्या स्त्रियांच्या हॉस्पिटलमध्ये आणि पुढे राजकोटमध्ये त्यांनी तीन दशकांहून जास्त काळ काम केलं. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या ९०व्या वर्षी त्या गेल्या.

व्हायरल पोस्टमधल्या दोन चुका

एक, राणी व्हिक्टोरियाने निकाल फिरवला म्हणून त्या सुटल्या, असं फिरतं. प्रत्यक्षात सुटका झाली ती पैसे देऊन केलेल्या तडजोडीने.

दोन, त्या प्रॅक्टिस करणाऱ्या पहिल्या भारतीय महिला डॉक्टर, असंही लिहिलं जातं. पण कोलकात्याच्या कादंबिनी गांगुली १८८६ मध्येच डॉक्टर झाल्या होत्या आणि प्रॅक्टिसही करत होत्या. रखमाबाईंचं मोठेपण पहिल्या नंबरावर अवलंबून नाही. त्यांच्या केसने पेटलेल्या वादानंतर १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला, त्यात त्या केसचाही वाटा होता.

आज जोगेश्वरीहून हार्बरची लोकल पकडली की थेट सीएसएमटी. तिथून कामा हॉस्पिटल चालत काही मिनिटांवर आहे. रखमाबाईंना रस्ता दाखवणाऱ्या डॉ. पीची तिथेच काम करत होत्या. तुमच्या ओळखीत कुणी नीटची तयारी करत असेल आणि उशीर झाला म्हणून खचत असेल, तर त्यांना सांगा, रखमाबाई मेडिकलसाठी बोटीत बसल्या तेव्हा त्या चोविशीत होत्या.