औषधांची पेटी हरवलेला डॉक्टर

२० जानेवारी १८६७. आजच्या झांबियाच्या उत्तर भागातले घनदाट जंगल, वर संततधार पाऊस. डॉ. डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या काफिल्यातले दोन हमाल ओझ्यांसह पळून गेले. त्यातल्या एका ओझ्यात औषधांची पेटी होती. एरवी ती एका विश्वासू मुलाकडे असे. नेमके त्या दिवशी त्याने ओझ्याची अदलाबदल केली होती. शोध घेतला, पण पावसाने पावलांचे ठसे पुसून टाकले होते. बंदुका, पीठ, दारूगोळा यांचेही नुकसान झाले होते. पण डॉक्टरांना धसका बसला तो क्विनीन गेल्याचा. ही आपल्या मृत्यूची शिक्षाच आहे, असे त्यांना वाटले. पुढे सहा वर्षे ते जगले, पण प्रकृती पुन्हा पूर्वीसारखी झाली नाही.

लिव्हिंगस्टन यांचा जन्म १९ मार्च १८१३ रोजी स्कॉटलंडमधील ब्लँटायर या गावी झाला. घरची गरिबी; दहाव्या वर्षापासून ते कापडगिरणीत कामाला लागले. काम संपल्यावर रात्री शिकून त्यांनी पुढे ग्लासगोत वैद्यकाचे शिक्षण घेतले, १८४० मध्ये वैद्यकीय परवाना मिळवला आणि मिशनरी डॉक्टर म्हणून ते दक्षिण आफ्रिकेला निघाले.

तिथल्या जंगलाने पहिला धडा १८४४ मध्ये दिला. माबोत्सा येथे गुरे मारणाऱ्या सिंहांचा बंदोबस्त करायला ते गावकऱ्यांबरोबर गेले. गोळ्या लागलेल्या सिंहाने बंदूक पुन्हा भरण्याआधीच त्यांच्यावर झेप घेतली आणि डाव्या दंडाचे हाड चिरडले. मेबाल्वे या सहकाऱ्याने सिंहाचे लक्ष स्वतःकडे वेधले म्हणून डॉक्टर वाचले. दंडावर दातांच्या अकरा जखमा होत्या. अंगातल्या जाड लोकरी कोटाने दातांवरची लाळ टिपली, म्हणून जखमा फारशा चिघळल्या नाहीत, असा त्यांचा तर्क होता. हाड मात्र नीट जुळले नाही आणि तो हात कायमचा अधू झाला.

पण आफ्रिकेत त्यांना सर्वाधिक छळले ते सिंहाने नव्हे, तापाने. १८५३ ते १८५६ या काळात त्यांनी खंडाचा मध्यभाग पार केला. त्या प्रवासात त्यांना हिवतापाचे झटके वारंवार आले. ३१ मे १८५४ रोजी ते पश्चिम किनाऱ्यावरच्या लुआंडाला पोहोचले, तेव्हा अंगात केवळ हाडे उरली होती. डास हिवताप पसरवतात हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते; रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादला तो दुवा शोधला १८९७ मध्ये. जिथे डास फार तिथे ताप, हे लिव्हिंगस्टन यांच्या नजरेतून सुटले नव्हते. कारण माहीत नसले तरी उपचार मात्र त्यांनी अनुभवातून पक्का केला होता: क्विनीन, रेवाचिनी, जालप आणि कॅलोमेल यांची गोळी. ताप चढताच, वाट न पाहता, पुरेशा मात्रेत क्विनीन द्यायचे. पुढे बरोज वेलकम कंपनीने या गोळ्या त्यांच्याच नावाने विकल्या.

याच आत्मविश्वासाची दुसरी बाजू कटू होती. स्वतःला सोसते ते इतरांनाही सोसेल, असे त्यांनी अनेकदा गृहीत धरले. १८५० मध्ये गरोदर पत्नी मेरी आणि लहान मुलांना घेऊन ते न्गामी सरोवराकडे गेले. मुले तापाने आजारी पडली. परतल्यावर जन्मलेली मुलगी जेमतेम सहा आठवडे जगली. १८६० मध्ये त्यांच्या भरवशावर लिन्यांतीला गेलेल्या मिशनरी कुटुंबांतील बहुतेक जण काही आठवड्यांत दगावले. त्याच गावात लिव्हिंगस्टन यांची जुनी बैलगाडी उभी होती आणि तिच्यात तापावरचे औषध होते. मरणाऱ्यांना ते माहीत नव्हते. औषध असणे वेगळे आणि ते वेळेवर हाताशी असणे वेगळे.

२७ एप्रिल १८६२ रोजी झांबेझीकाठच्या शुपांगा येथे मेरी तापाने गेल्या. त्यांना सतत उलट्या होत होत्या. पोटात औषध टिकतच नव्हते. पती डॉक्टर होता, क्विनीनही होते, तरी इलाज चालला नाही. आज अशा रुग्णाला शिरेतून आर्टेसुनेट देता येते, मात्र त्यासाठी वेळेत रुग्णालय गाठावे लागते.

किड्यांकडेही त्यांचे बारीक लक्ष होते. त्से त्से माशी चावलेली गुरे आणि घोडे झुरून मरतात, हे त्यांनी सविस्तर लिहिले आणि एका आजारी घोडीवर आर्सेनिकचा प्रयोगही केला. ही माशी माणसाला निरुपद्रवी आहे, असे मात्र त्यांना वाटे. ते चुकीचे होते. निद्रारोग माणसांतही तीच पसरवते, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिद्ध झाले.

या कहाणीत महाराष्ट्रही आहे. १८६४ मध्ये ‘लेडी न्यासा’ ही छोटी आगबोट स्वतः हाकत त्यांनी हिंदी महासागर पार केला आणि ते मुंबईत उतरले. बरोबरच्या सुसीने मुंबईच्या गोदीत काम केले. चुमा इथल्या मिशनच्या शाळेत शिकला. जानेवारी १८६६ मध्ये लिव्हिंगस्टन शेवटच्या मोहिमेवर निघाले तेही मुंबईहूनच. त्यांच्यासोबत नाशिकच्या मिशन शाळेत वाढलेले, गुलामगिरीतून सोडवलेले नऊ आफ्रिकी तरुण होते.

औषधांची पेटी गेली ती याच मोहिमेत. नंतर ताप, पायांवरचे व्रण आणि रक्ती आव यांनी त्यांना पोखरले. मिळेल ते दलदलीचे पाणी प्यावे लागे. नोव्हेंबर १८७१ मध्ये उजीजीला स्टॅन्ली भेटले, औषधे मिळाली, तब्येत थोडी सुधारली. पण परत जायला त्यांनी नकार दिला. बांग्वेउलूच्या दलदलीत आतड्यांतून रक्त जात राहिले. चालवेना, तेव्हा सोबत्यांनी त्यांना उचलून नेले. १ मे १८७३ च्या पहाटे चितांबो यांच्या गावात, झोपडीत बिछान्याशी गुडघे टेकलेल्या अवस्थेत ते मृत आढळले.

सोबत्यांनी त्यांचे हृदय तिथेच झाडाखाली पुरले. नाशिकच्या शाळेत शिकलेल्या जेकब वेनराइट याने प्रार्थना वाचली आणि झाडावर नाव कोरले. चुमा, सुसी आणि इतरांनी वाळवलेला देह कापडात आणि सालीत गुंडाळून दीड हजारांहून अधिक किलोमीटर पायी किनाऱ्यावर आणला. लंडनमध्ये ओळख पटली ती सिंहाने मोडलेल्या दंडाच्या हाडावरून. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले, तेव्हा खांदेकऱ्यांत जेकबही होता.

आज मुंबईहून काही तासांत केनिया किंवा टांझानियाच्या अभयारण्यात पोहोचता येते. धोके मात्र बरेचसे तेच आहेत, फक्त आता ते टाळता येतात. निघण्याआधी चार ते सहा आठवडे डॉक्टरांना भेटावे. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या प्रवासाआधी सुरू करून परतल्यावरही सांगितलेले दिवस पूर्ण घ्याव्यात. गरोदर स्त्रियांनी हिवतापाच्या भागात जाणे शक्यतो टाळावे. पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रात किमान दहा दिवस आधी घ्यावी. बाधित देशातून येताना तिचे प्रमाणपत्र नसेल तर भारतात विलगीकरणात राहावे लागू शकते. संध्याकाळनंतर पूर्ण बाह्यांचे कपडे, डासरोधक मलम आणि मच्छरदाणी वापरावी. निळे व काळे कपडे त्से त्से माशीला आकर्षित करतात, म्हणून फिकट मातकट रंग बरे. पाणी बाटलीबंद किंवा उकळलेले प्यावे, तळ्यात उतरू नये आणि वाटाड्याने सांगितल्याशिवाय गाडीतून पाय खाली ठेवू नये.

रोजची औषधे सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावीत. परतल्यावर काही आठवड्यांनी, अगदी काही महिन्यांनीही ताप आला, तर त्याच दिवशी रक्त तपासावे आणि आपण आफ्रिकेत जाऊन आलो हे डॉक्टरांना आधी सांगावे. आफ्रिकेतला हिवताप बहुतेक फाल्सिपेरम जातीचा असतो आणि तो थांबायला वेळ देत नाही.