दहा शिलिंगांचा सिंह

बँकेच्या नोकरीत एक सवय हाडीमासी खिळली. कागद पुढे आला की आधी सही पाहायची, मग रक्कम, आणि वेळ उरलाच तर सही करणाऱ्याचा चेहरा. कादंबऱ्या लिहू लागलो तेव्हा हा क्रम उलटा झाला. ‘द लायन किंग’ पाहताना आमची नात सिंहाच्या गाण्यावर ठेका धरते, तेव्हा मला सिंह दिसत नाही. सॉलोमन लिंडाचा चेहरा दिसतो.

लिंडा १९०९ साली दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात एका झुलू कुटुंबात जन्मला. लहानपणी गुरे राखली, मिशन शाळेत गेला आणि १९३१च्या सुमारास पोटासाठी जोहान्सबर्गला आला. तिथे ‘इव्हनिंग बर्ड्स’ हा त्याचा गायकमेळा नावारूपाला आला. साथीदार खर्जात गात आणि लिंडाचा उंच आवाज त्यावर तरंगत राही. पुढे गॅलो या ध्वनिमुद्रिका कंपनीत तो तबकड्या बांधण्याचे काम करू लागला.

१९३९ मध्ये त्याच कंपनीत त्याने ‘म्बूबे’ गायले. म्बूबे म्हणजे सिंह. मुद्रणाच्या शेवटच्या खेपेला त्याला आयत्या वेळी एक सुरावट सुचली. जगाने पुढे गुणगुणली ती हीच. दहा वर्षांत सुमारे एक लाख तबकड्या खपल्या. हक्कांपोटी लिंडाला मिळाले दहा शिलिंग! तेव्हाच्या दराने आपले पावणेसात रुपयेही नव्हेत.

तबकडी अमेरिकेत पीट सीगर यांच्या हाती पडली. त्यांना झुलू शब्द नीट ऐकू आला नाही आणि ‘विमोवे’ जन्मले. १९५२ मध्ये ते गाजले. श्रेय गेले पॉल कॅम्पबेल या माणसाला, जो अस्तित्वातच नव्हता! मूळ गाणे पारंपरिक समजले गेले. सीगर यांनी लिंडाला हजार डॉलर पाठवले, एवढेच. १९६१ मध्ये ‘टोकन्स’ या गटाने नव्या इंग्रजी शब्दांसह तेच गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेले. पुढच्याच वर्षी मूत्रपिंडाच्या विकाराने लिंडा गेला. खात्यावर पंचवीस डॉलरांइतकीही शिल्लक नव्हती. त्याच्या थडग्यावर दगड बसायला अठरा वर्षे लागली.

पण कागद कधी कधी गरिबाचीही बाजू घेतो. १९११च्या ब्रिटिश साम्राज्याच्या कॉपीराइट कायद्यात एक तरतूद होती : लेखकाने हयातीत हक्क विकले, तरी मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी ते वारसांकडे परत यावेत. (हाच कायदा किरकोळ फेरफारांनिशी १९१४ पासून आपल्याकडेही लागू होता.) ओवेन डीन या वकिलांनी तो धागा पकडला. वारसांच्या बाजूने २००४ मध्ये डिस्नेविरुद्ध दावा लागला आणि फेब्रुवारी २००६ मध्ये गाण्याचे हक्क बाळगणाऱ्या अमेरिकी कंपनीशी तडजोड झाली. लिंडाचे नाव सहसंगीतकार म्हणून मान्य झाले, लेकींना मागचे-पुढचे मानधन मिळण्याची सोय झाली.

लिंडाच्या हाती मात्र दहा शिलिंगच राहिले. ‘पारंपरिक’ हा शब्द किती सोज्वळ! पण त्याच्या आडोशाला कधी कधी नाव-गाव असलेला माणूस उभा असतो, आणि त्याच्या घरी दिव्यात तेल नसते.

आता नातीने ते गाणे लावले की मी तिला एवढेच सांगतो : हे सॉलोमनआजोबांचे गाणे.