एका हाताचा थोर लेखक : सर्व्हान्तेस



या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी प्रत्येकाला एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहायला सांगितले. वर्गातल्या बहुतेकांनी आपल्या देशातील थोर पुरुष घेतले. मी मात्र परदेशातील एक लेखक निवडला. त्याला कारण आहे, ते शेवटी सांगतो.

स्पेन हा युरोप खंडातील एक देश. तेथील आल्काला दे एनारेस या गावी १५४७ साली मिगेल दे सर्व्हान्तेस यांचा जन्म झाला. वडील जखमा बांधणे, हाडे बसवणे अशी कामे करीत. घरात खाणारी तोंडे पुष्कळ आणि मिळकत बेताची. कर्ज फिटेना म्हणून वडिलांना तुरुंगातसुद्धा जावे लागले. पोटासाठी सगळे कुटुंब या गावाहून त्या गावाला बिऱ्हाड हलवत राहिले.

मोठेपणी मिगेल सैन्यात भरती झाले. ७ ऑक्टोबर १५७१ रोजी ग्रीसजवळच्या समुद्रात लेपान्तो येथे तुर्की आरमाराशी मोठी लढाई झाली. त्या दिवशी मिगेल तापाने फणफणले होते, तरी ते लढायला उभे राहिले. दोन गोळ्या छातीत लागल्या आणि तिसरी डाव्या हातात. जीव वाचला, पण डावा हात कायमचा निकामी झाला. वय होते अवघे २४.

तेवढ्यावर भागले नाही. १५७५ साली ते आपल्या भावाबरोबर जहाजाने घरी निघाले असता चाच्यांनी त्यांना पकडले आणि आफ्रिकेतील अल्जीयर्स शहरात गुलाम म्हणून नेले. त्यांच्या खिशात मोठमोठ्या सरदारांनी दिलेली शिफारसपत्रे होती. ती पाहून चाच्यांना वाटले, हा कोणी बडा माणूस दिसतो. म्हणून त्यांच्या सुटकेसाठी ५०० सोन्याची नाणी मागितली. म्हणजे चांगली पत्रेच अंगाशी आली! मिगेल यांनी चार वेळा पळून जायचा प्रयत्न केला आणि चारही वेळा ते सापडले. दर वेळी त्यांनी सगळा दोष आपल्या अंगावर घेतला, सोबत्यांना पुढे केले नाही. इकडे त्यांची आई पैशांसाठी दारोदार अर्ज करीत होती. मदत मिळावी म्हणून तिने नवरा जिवंत असताना आपण विधवा आहोत असेही लिहून दिले. शेवटी १५८० साली त्रिनितारी पंथाच्या साधूंनी वर्गणी जमवून त्यांना सोडवले. पाच वर्षे गुलामीत गेली.

घरी आल्यावर तरी सुख मिळाले का? नाही. लिहिलेल्या नाटकांवर पोट भरेना. मग सरकारी आरमारासाठी गावोगाव फिरून गहू आणि तेल गोळा करायचे काम धरले. पुढे कर वसूल करायचे काम मिळाले. वसुलीची रक्कम ज्या पेढीवाल्याकडे ठेवली, त्याचेच दिवाळे निघाले. हिशोब जुळेना, म्हणून १५९७ साली सर्व्हान्तेस यांना सेव्हिल शहरात तुरुंगात टाकले.

आता त्यांच्या पुस्तकाविषयी सांगतो. त्या काळी स्पेनमध्ये शूर सरदारांच्या अद्भुत कथांचे फार वेड होते. राक्षस, जादूगार, राजकन्या असे सगळे त्यात असे. ‘आमादिस दे गाउला’ ही त्यातली सर्वांत गाजलेली कादंबरी. तिची १५०८ साली छापलेली प्रत अजून शिल्लक आहे. तिच्या पुढच्या भागात कॅलिफोर्निया नावाचे एक काल्पनिक बेट आहे, आणि अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाला नाव त्यावरूनच पडले! सर्व्हान्तेस यांनी या कथांची गंमत करायची ठरवली. त्यांच्या पुस्तकातला एक म्हातारा गृहस्थ अशा कथा वाचून वाचून वेडा होतो. स्वतःला डॉन किहोते म्हणवतो, गंजके चिलखत चढवतो, मरतुकड्या घोड्यावर बसतो आणि गरिबांना न्याय द्यायला निघतो. सोबत गाढवावर बसलेला सांचो पान्झा हा शेतकरी. दळण दळायच्या पवनचक्क्या डॉन किहोतेला राक्षस वाटतात. तो भाला घेऊन धावून जातो आणि पात्यात सापडून घोड्यासकट आपटतो.

गुरुजींनी हे सांगितलं तेव्हा आम्ही पोट धरधरून हसलो. पण गुरुजी म्हणाले, पुढं ऐका. हा माणूस दर वेळी आपटतो आणि दर वेळी उठतो. मग हसू थांबलं, आणि आम्हांला त्याची माया वाटायला लागली.

या पुस्तकाचा पहिला भाग १६०५ साली माद्रिदमध्ये निघाला. तेव्हा सर्व्हान्तेस ५७ वर्षांचे होते. पुस्तक धडाधड खपले, पण हक्क आधीच विकलेले, त्यामुळे गरिबी काही हटली नाही. १६१४ मध्ये दुसऱ्याच कोणी टोपणनावाने खोटा दुसरा भाग काढला. सर्व्हान्तेस यांनी १६१५ मध्ये खरा दुसरा भाग लिहून त्याला उत्तर दिले. २२ एप्रिल १६१६ रोजी ते वारले. ज्या पंथाने त्यांना गुलामीतून सोडवले, त्याच पंथाच्या माद्रिदमधील मठात त्यांना पुरले.

माणूस गेला, पण पुस्तक राहिले. १६१२ मध्ये ते इंग्रजीत आले आणि पुढे जगातल्या कितीतरी भाषांत गेले. रशियात १८६९ साली त्यावर नृत्यनाटिका झाली. पिकासो या चित्रकाराने १९५५ साली डॉन किहोते आणि सांचोचे चित्र काढले. स्पेनच्या १०, २० आणि ५० सेंटच्या नाण्यांवर सर्व्हान्तेस यांचा चेहरा आहे. काश्मीरमधील दोन पंडितांनी १९३५ नंतरच्या काळात या कादंबरीतला काही भाग चक्क संस्कृतात आणला, आणि २०१९ साली तो आपल्या पुण्यात छापला गेला. व्यवहार न बघता अन्यायाशी झुंजणाऱ्या माणसाला आजही जगभर डॉन किहोते म्हणतात.

आता मी हे चरित्र का निवडले ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या वडिलांचा डावा हात कडबाकुट्टीत सापडला. तेव्हापासून ते लग्नाकार्याला जात नाहीत, शाळेतही येत नाहीत. हात उपरण्याखाली झाकतात आणि आता माझा काय उपयोग, असं आईला म्हणतात. हे ऐकलं की मला जेवण जात नाही. सर्व्हान्तेस यांचा हात गेला २४ व्या वर्षी, आणि त्यांचं सर्वांत मोठं काम झालं त्यानंतर तेहतीस वर्षांनी. माझे वडील तर अजून चाळिशीतही नाहीत.

आज पालकांना बोलावले आहे. वडील येतील की नाही ठाऊक नाही. गर्दीत शिरावं लागू नये म्हणून गुरुजींना सांगून मी हा कागद दाराजवळच लावला आहे.

अशा या थोर लेखकाला माझे शतशः प्रणाम!

— एक विद्यार्थी, इयत्ता ७ वी