ज्याची साक्ष चालत नव्हती, तो न्यायाधीश झाला

आपल्या देशात खालच्या कोर्टाचा न्यायाधीश नेमला जातो. कायद्याची पदवी, परीक्षा, मुलाखत असा त्याचा मार्ग आहे. अमेरिकेतील अनेक राज्यांत मात्र गावच्या कोर्टाचा न्यायाधीश लोक मते देऊन निवडतात. हे मी वर्गात सांगतो तेव्हा मुले हसतात. मते मागत फिरणारा माणूस न्याय काय देणार, असे त्यांना वाटते. शंका रास्त आहे. तरीही अशाच एका निवडणुकीने १८७३ साली जो माणूस न्यायासनावर बसवला, त्याची हकीकत आपण वाचावी अशी माझी इच्छा आहे.

मिफ्लिन विस्टर गिब्ज यांचा जन्म १८२३ साली फिलाडेल्फिया शहरी झाला. ते कृष्णवर्णीय होते, पण गुलाम नव्हते. वडील धर्मोपदेशक. मिफ्लिन आठ वर्षांचे असताना वडील वारले आणि शाळा सुटली. एका डॉक्टरच्या घोड्याची राखण करणे हे त्यांचे पहिले काम. पुढे सुताराकडे उमेदवारी केली. दिवसा रंधा मारायचा आणि उरलेल्या वेळात वाचनमंडळात बसायचे, असा क्रम होता. याच काळात दक्षिणेतून पळून आलेल्या गुलामांना लपवून पुढे पोहोचवण्याच्या कामातही त्यांनी हात दिला. १८४९ साली फ्रेडरिक डग्लस या थोर वक्त्याबरोबर ते गुलामगिरीविरोधी व्याख्यानांच्या दौऱ्यावर गेले.

१८५० मध्ये ते सोन्याच्या शोधात लोक धावत होते त्या कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोला उतरले. हातात सुतारकी होती, पण गोऱ्या कामगारांनी त्यांच्या शेजारी काम करायला नकार दिला. मग त्यांनी एका हॉटेलासमोर बसून लोकांचे बूट पुसले. पैसे साठवून पीटर लेस्टर या मित्राबरोबर बुटांचे दुकान काढले. दुकान उत्तम चालले.

आता पुढचा प्रसंग नीट वाचा. एके दिवशी दोन गोरे गिऱ्हाईक आले. बुटांच्या एका जोडावरून कुरापत काढून एकाने लेस्टरना काठीने बेदम मारले. गिब्ज समोर उभे होते, सर्व पाहत होते. हात उचलला असता तर गोळी खावी लागली असती. आणि कोर्टात जावे तर कॅलिफोर्नियाचा १८५० चा कायदा असा होता की, गोऱ्या माणसाविरुद्ध काळ्या माणसाची साक्ष चालणार नाही. मार खाणाऱ्याचीही नाही, पाहणाऱ्याचीही नाही. म्हणजे कोर्ट होते, न्यायाधीश होता, गुन्हाही होता. पण गुन्हा घडला असे सांगण्याचा अधिकार कोणालाच नव्हता.

गिब्ज यांनी सभा भरवल्या, अर्ज केले, १८५५ साली वर्तमानपत्रही काढले. मताचा अधिकार नाही, मग मतदान-कर कशाचा, असे म्हणून १८५७ मध्ये त्यांनी तो कर भरला नाही. सरकारने दुकानातला माल जप्त करून लिलावात मांडला. गंमत अशी की गर्दीतल्या काही गोऱ्यांनीच बोली लावू नका असे सांगितले, कोणी बोली लावली नाही आणि माल परत आला. साक्षीची बंदी कृष्णवर्णीयांपुरती १८६३ साली उठली. त्याआधीच, १८५८ मध्ये, गिब्ज कंटाळून इंग्रजांच्या व्हँकुव्हर बेटावर गेले होते. तेथे व्यापारात त्यांनी चांगला पैसा मिळवला आणि १८६६ मध्ये व्हिक्टोरिया शहराच्या नगरपालिकेवर निवडून आले.

येथे कोणीही थांबला असता. पण चाळिशी उलटलेला हा सधन व्यापारी एका इंग्रज बॅरिस्टरकडे कायदा वाचू लागला. पुढे अमेरिकेत परतून त्यांनी ओबर्लिन येथे कायद्याचे शिक्षण पुरे केले. १८७१ मध्ये आर्कान्सा राज्यातील लिटल रॉकला आले, पुन्हा एका वकिलाच्या कचेरीत उमेदवारी केली आणि १८७२ मध्ये सनद घेतली. तेव्हा त्यांचे वय एकोणपन्नास होते.

यादवी युद्धानंतर दक्षिणेत काळ्या पुरुषांना मताचा हक्क मिळाला होता. १८७३ साली रिपब्लिकन पक्षाकडून गिब्ज लिटल रॉकच्या शहर-न्यायालयाचे न्यायाधीश म्हणून निवडून आले. अशा जागेवर निवडून आलेले ते अमेरिकेतले पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश मानले जातात. कोर्ट लहानच, शहराचे नियम मोडणाऱ्यांचे. पण गरीब माणसाची गाठ पडते ती अशाच कोर्टाशी. काही वर्षांपूर्वीपर्यंत ज्या गावात माणसे विकली जात होती, तेथे साक्ष कोणाची ऐकायची हे आता गिब्ज ठरवत होते. नेमणुकीच्या पद्धतीने त्यांना कोणी ही जागा दिली असती, असे मला वाटत नाही.

याच १८७३ साली पुण्यात महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केली, हे येथे आठवते.

हे पद फार काळ टिकले नाही. १८७४ नंतर राज्यात सत्ता पालटली आणि गिब्जही न्यायासनावरून उतरले. मतांनी दिलेले मतांनी जाते, हे खरे. परंतु पुढे मतेच काढून घेण्यात आली. १८९१-९२ च्या कायद्यांनी आर्कान्सात निरक्षरांना मत देणे कठीण केले आणि मतदान-कर लावला. तोच कर, जो गिब्ज यांनी पस्तीस वर्षांपूर्वी नाकारला होता. काळ्या मतदारांची संख्या झपाट्याने घटली.

गिब्ज यांना पुढे मानाच्या जागा मिळाल्या. १८७७ मध्ये सरकारी जमीन कचेरीत, १८९७ मध्ये मादागास्कर बेटावर अमेरिकेचे वकील म्हणून. १९०२ मध्ये आत्मचरित्र लिहिले. १९०३ मध्ये लिटल रॉकला बँक काढली, ती १९०८ मध्ये बुडाली आणि ठेवीदारांचे नुकसान झाले. चरित्र सांगताना हा भाग गाळणे योग्य नाही. १९१५ च्या जुलैत, ब्याण्णव वर्षांचे असताना, ते वारले.

मुलींच्या शिक्षणात त्यांनी हात आखडता घेतला नाही. आयडा आणि हॅरिएट दोघी ओबर्लिनला शिकल्या. हॅरिएटने १९०३ मध्ये वॉशिंग्टनला कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी संगीत विद्यालय काढले.