भूदास कवी तारास शेव्हचेंको

युक्रेनचा महाकवी तारास शेव्हचेंको याच्या चरित्रात मला विशेष वाटते ती त्याच्या सुटकेची हकीकत. १८१४ साली तो भूदासाच्या घरी जन्मला. म्हणजे जन्मतःच जमीनदाराच्या मालकीचा. त्याचा चित्रकलेतील हात पाहून पीटर्सबर्गच्या रशियन गुणिजनांनी मनावर घेतले. ब्र्यूलोव्हने कवी झुकोव्स्कीचे चित्र काढले, त्याची सोडत झाली आणि १८३८ मध्ये अडीच हजार रूबल मोजून तारास मोकळा झाला. दोनच वर्षांत ‘कोब्झार’ हा त्याचा युक्रेनी कवितासंग्रह निघाला.

रशियनांनी दिलेले हे स्वातंत्र्य रशियाच्याच झारने हिरावले. सम्राज्ञीलाही न सोडणारी त्याची उपहासकविता १८४७ मध्ये पोलिसांच्या हाती लागली. शिक्षा झाली साध्या शिपाईगिरीची, दूर ओरेनबुर्गकडे. शिवाय लेखन-चित्रणास मनाई, हा शेरा खुद्द निकोलसचा. तरी बुटात लपविलेल्या चिमुकल्या वह्यांत तो लिहीतच राहिला. पुढे रोजनिशी मात्र त्याने रशियनमध्ये ठेवली, कविता मायबोलीत. परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या आपल्या घरांना याचे नवल वाटू नये.

मार्च १८६१ मध्ये तो पीटर्सबर्गला वारला. भूदासमुक्तीच्या जाहीरनाम्यावर सही होऊन आठवडा झाला होता; तो प्रसिद्ध व्हायचा होता. दोन महिन्यांनी मित्रांनी शवपेटी द्नीपरकाठी कानिवला नेली.