मायबोलीचा सेवक : रेव्ह. विल्यम वाय स्मिथ

स्कॉटलंडच्या दक्षिण सरहद्दीजवळ जेडबर्ग नांवाचें लहानसें गांव आहे. तेथें सन १८२७ मध्यें विल्यम वाय स्मिथ यांचा जन्म झाला. ते तीन वर्षांचे असतां त्यांच्या आईबापांनीं देश सोडिला. सन १८३० त हें कुटुंब न्यूयॉर्क येथें गेलें, आणि १८३७ त कॅनडांतील आजच्या आँटेरिओ प्रांतांत जाऊन राहिलें.

इतक्या लहान मुलास जन्मगांवाची आठवण ती किती राहणार? परंतु घरची स्कॉट्स बोली त्यांच्याबरोबर समुद्रापार आली. ही बोली इंग्रजीची बहीण होय. चुलीपाशीं व शेतांत लोक ती बोलत. पण शाळेंत व उपासनामंदिरांत मान इंग्रजीला. सन १५६० त स्कॉटलंडांत धर्मसुधारणा झाली, तेव्हां लोकांच्या हातीं आलें तें पवित्र शास्त्र इंग्रजी होतें. मर्डॉक निस्बेट यांनीं सुमारें १५२० त नवा करार स्कॉट्समध्यें उतरविला होता. परंतु तें हस्तलिखित जवळजवळ चार शतकें न छापतांच राहिलें. डोंगराळ मुलखांतील गेलिक लोकांस १७६७ त स्वभाषेंत नवा करार मिळाला. सखल प्रदेशांतील लोकांस मात्र इंग्रजी समजतें, असें म्हणून त्यांच्या बोलीची कोणी काळजी केली नाहीं.

स्मिथ यांचा पहिला काव्यसंग्रह १८५० त निघाला. पुढें ते काँग्रिगेशनल मंडळीचे पाळक झाले. कॅनडांतील मंडळ्यांची सेवा करीत असतां त्यांची लेखणी थांबली नाहीं. अखेरीस त्यांनीं नव्या कराराचें स्कॉट्स भाषांतर सिद्ध केलें. तें १९०१ सालीं स्कॉटलंडांतील पेसली येथें छापून निघालें, तेव्हां त्यांचें वय चौऱ्याहत्तर वर्षांचें होतें. त्याच वर्षीं निस्बेट यांच्या हस्तलिखिताचा पहिला भागही छापला गेला. स्मिथ १९१७ सालीं प्रभूच्या विसाव्यांत गेले.

त्यांच्या भाषांतरावर इंग्रजीची छाप आहे, हें खरें. विल्यम लॉरिमर यांनीं मूळ ग्रीकवरून केलेलें अधिक सरस भाषांतर १९८३ त प्रसिद्ध झालें. तरी लहानपणींच देशाला मुकलेल्या या पाळकानें मायबोली टाकिली नाहीं, हें विसरतां येत नाहीं.

प्रिय वाचकहो, पुस्तकी भाषा ज्या म्हातारीस कळत नाहीं, तिला शास्त्रपाठ तिच्याच बोलींत समजावून सांगण्यांत उपदेशकास कमीपणा कसला? चुलीपाशींची भाषा देवाच्या वचनास हलकी नाहीं.