पगार सोडणारे रेव्हरंड टिळक

जळगांवच्या सराफ बाजाराचा लौकिक महाराष्ट्रभर आहे, आणि लग्नसराईंत खानदेशांतील कानाकोपऱ्याचा मनुष्य त्या पेढ्यांवर दिसावा यांत नवल नाहीं. दागिना करणें हें पाप नव्हे. पण शेजाऱ्यानें पांच तोळे घातले म्हणून आपण दहा घालावयाचे, त्यासाठीं शेत गहाण टाकावयाचें, आणि पुढें कपाशीचा भाव पडला कीं नशिबास बोल लावावयाचा, ही रीत जोंवर आमच्यांत चालू आहे, तोंवर ज्यांनीं हांवेचा पाश स्वतःच्या हातांनीं तोडला त्यांचीं चरित्रें सांगणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों. आज आम्ही रेव्हरंड नारायण वामन टिळकांविषयीं लिहीत आहों. ते खानदेशचे नव्हत. पण खानदेशावर त्यांचें एक ऋण आहे, तें पुढें येईलच.

टिळकांचा जन्म १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं झाला. संस्कृतांत उत्तम गति, रसाळ वाणी आणि उपजत कवित्व, एवढ्या भांडवलावर दुसरा कोणी सुखानें स्थिरावला असता. टिळक स्थिरावले नाहींत. नोकरी धरावी आणि सोडावी, बिऱ्हाड मांडावें आणि मोडावें, असा त्यांचा क्रम होता. नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाखालीं ते कांहीं काळ ग्रंथकार्यांत होते. पुढें १८९३ सालीं राजनांदगांवास जात असतां आगगाडींत एका युरोपियन सहप्रवाशानें त्यांच्या हातीं नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचन वाचून हा विद्वान् ब्राह्मण जो अडकला तो सुटला नाहीं. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. जात गेली, गणगोत तुटलें, पत्नी व लहान मुलगा कित्येक वर्षें दुरावलीं. लक्ष्मीबाई परत आल्या आणि १९०० सालीं, पतीच्या आग्रहानें नव्हे तर आपल्या विचारानें, त्यांनींही बाप्तिस्मा घेतला.

ख्रिस्ती होणाऱ्यावर पैशाच्या लोभाचा आरोप करण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. टिळकांच्या बाबतींत तो आरोप हास्यास्पद ठरतो. अहमदनगरास ते अमेरिकन मराठी मिशनच्या कामांत होते. पगार बेताचा होता, आणि तोही घरांत टिकत नसे. मागणाऱ्यास नाहीं म्हणणें त्यांस ठाऊकच नव्हतें. घरांत पाहुणे, विद्यार्थी, परकीं मुलें यांचा राबता. लक्ष्मीबाईंचीं ‘स्मृतिचित्रें’ ज्यांनीं वाचलीं आहेत त्यांस हें सांगावयास नकोच.

या राबत्यांतच खानदेशचा एक मुलगा होता. १९०७ सालीं जळगांवास कविसंमेलन भरलें. कर्नल कीर्तिकर अध्यक्ष होते. तेथें धरणगांवांत जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या पोरानें कविता म्हटली, आणि सभेनें त्यास बालकवि ही पदवी दिली. टाळ्या पुष्कळांनीं वाजविल्या. त्या पोरास घर मात्र टिळकांनीं दिलें. नगरास तो त्यांच्या कुटुंबांत राहिला, आणि लक्ष्मीबाईंनीं त्यास पोटच्या मुलाप्रमाणें वागविलें. एक कवि दुसऱ्या, आपल्याहून तरुण आणि कदाचित् आपल्याहून मोठ्या होणाऱ्या कवीचें कौतुक मत्सराविना करतो, ही गोष्ट आम्हांस पगार सोडण्याहूनही कठीण वाटते. सोन्याची हांव तरी डोळ्यांस दिसते. कीर्तीची हांव मनुष्य स्वतःपासूनही लपवूं शकतो.

दहा आज्ञांपैकीं शेवटची आज्ञा शेजाऱ्याच्या घराचा, गुराढोरांचा, त्याच्या कोणत्याही वस्तूचा लोभ धरूं नये अशी आहे. बाकीच्या बहुतेक आज्ञा हातांस आहेत, ही मनास आहे. आणि संत पौलानें बंदिवासांतून फिलिप्पैकरांस जें पत्र लिहिलें, त्यांत तृप्ति आपणांस उपजत मिळाली असें म्हटलेलें नाहीं. ती आपण शिकलों, असें सांगितलें आहे. धुळ्याच्या तुरुंगांत १९३२ सालीं विनोबांनीं गीतेवर प्रवचनें केलीं, हें आठवलें म्हणजे अशा शाळा कोठें भरतात याची कल्पना येते.

टिळकही हें शिकतच गेले. तुकोबांच्या मार्गानें आपण ख्रिस्तापर्यंत पोंचलों अशी त्यांची भावना होती, आणि तुकोबांचा भक्त पगारदार उपदेशक म्हणून किती दिवस राहणार? १९१७ सालीं, पंचावन्न वर्षांचें वय झालें असतां, त्यांनीं मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेल्यांनीं व न घेतलेल्यांनींही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र नांदावें, अशी ती योजना होती.

येथें दोन गोष्टी स्पष्ट बोलणें आम्हांस भाग आहे. एक, टिळकांच्या विरक्तीचा हिशेब लक्ष्मीबाईंस चुकवावा लागला. घरांत आलेला पैसा पतीनें वाटून टाकावा आणि चूल पत्नीनें पेटवावी, हा प्रकार कितीही थोर पुरुषाचा असला तरी सर्वस्वीं स्तुत्य म्हणतां येत नाहीं. त्या माउलीनें तो विनोदबुद्धीनें निभावला, हें तिचें थोरपण. दुसरी, टिळकांनीं सोडला तो स्वतःचा पगार होता. कापूस वेंचणाऱ्या बाईची मजुरी अडकवून तिलाच समाधानाचा उपदेश करणाऱ्यांनीं टिळकांचें नांव घेऊं नये. ज्या नव्या करारांत तृप्तीची शिकवण आहे, त्याच नव्या करारांत, याकोबाच्या पत्रांत, कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरी देवाच्या कानीं ओरडत आहे असें सांगितलें आहे.

दरबार फार दिवस चालविणें टिळकांच्या नशिबीं नव्हतें. ५ मे १९१८ रोजीं जळगांवजवळ भादली स्टेशनांत रूळ ओलांडतांना बालकवि गाडीखालीं सांपडून गेले. टिळकांचें देहावसान मुंबईस ९ मे १९१९ रोजीं झालें. मागें संपत्ति नव्हती. ‘ख्रिस्तायन’ हें अपुरें काव्य होतें. लौकिक अर्थानें फारसें शिक्षण न मिळालेल्या लक्ष्मीबाईंनीं तें हातीं घेतलें आणि १९३६ सालीं मृत्यु येईपर्यंत पुढें नेलें.